निरंक असल्यास निरंक कळवावे

‘सोबतच्या लिंकमधील माहिती सर्व मुख्याध्यापकांनी उद्या सकाळी अकरापर्यंत न चुकता भरावी. विलंब झाल्यास सर्वस्वी जबाबदारी आपली राहील. निरंक असल्यास निरंक कळवावे.’ केंद्राच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर असा संदेश येतो तो बहुधा रात्री आठनंतर. जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या बाईंच्या हाताला त्या वेळी कणीक लागलेली असते, नाहीतर मांडीवर पेंगुळलेलं मूल असतं. ‘हो सर’ एवढं एका बोटाने लिहून टाकायचं आणि मूल झोपलं की लिंक उघडायची.

‘बाईमाणसाला शिक्षिकेची नोकरी बरी, घर सांभाळून करता येते.’ बारावीचा निकाल लागला त्या दिवशी हे वाक्य आपल्याकडच्या असंख्य मुलींनी ऐकलं आहे. त्यावर डी.एड.ची कॉलेजं भरली, त्यावर लग्नं जमली. या लेखासाठी अकोले, संगमेश्वर, कराड आणि लातूर या भागांतल्या शिक्षिकांशी मी बोलले. सगळ्या आया. प्रत्येकीने हे वाक्य आपणहून काढलं आणि प्रत्येकीने ‘नाव मात्र छापू नका’ असं बजावलं. म्हणून कुणाचं नाव नाही, शाळेचंही नाही.

०००

संगमनेरच्या बाईंची शाळा अकोले तालुक्यात, राजूरच्या पुढे डोंगरातल्या एका वाडीवर आहे. मुलगी पाचवीत, मुलगा अडीच वर्षांचा. नवराही प्राथमिक शिक्षक, पण पारनेर तालुक्यात. तो आठवडाभर तिकडेच खोली करून राहतो आणि शनिवारी दुपारी घरी येतो. पती-पत्नीच्या शाळांमधलं अंतर तीस किलोमीटरपेक्षा जास्त असलं तर बदलीत एकत्रीकरणाची सवलत आहे. त्यांनी अर्ज केला आहे. ऑनलाइन बदल्यांची फेरी कधी सुरू होते, कधी न्यायालयात अडकते, कधी निवडणुकीच्या आचारसंहितेत थांबते. दरम्यान मुलगा बसायला, रांगायला, चालायला शिकला. बाप दर शनिवारी नवं काहीतरी बघतो.

घरात सासूबाई आहेत म्हणून हे सगळं चालतं, असं बाई स्वच्छ सांगतात. सासूबाईंना रक्तदाबाचा त्रास, त्यांची भाजी बिनमिठाची वेगळी. साडेचारला उठून दोन भाज्या, पोळ्या, मुलीचा डबा, स्वतःचा डबा, मुलासाठी मऊ भात. शेंगदाण्याचं कूट, लसूण-मिरचीचं वाटण ही सगळी तयारी रविवारची. आठला त्या निघतात तेव्हा मुलगा झोपलेला असतो, आणि तो झोपलेलाच असावा अशी त्यांची रोज मनोमन प्रार्थना असते. जागा असला की पदराला धरतो आणि एसटी चुकते.

संगमनेर ते अकोले एक एसटी, अकोल्याहून राजूर दुसरी, पुढे जीप किंवा कुणाची तरी मोटारसायकल. मार्च २०२३पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं, तेव्हापासून त्यांनी स्कूटी स्टँडवर ठेवायला सुरुवात केली. घाटातलं धुकं आणि पावसाळ्यातले खड्डे यांत स्कूटी चालवण्यापेक्षा एसटी बरी. शिवाय बसमध्ये हात मोकळे असतात. त्या गाडीत पाच-सहा शिक्षिका असतात. एकीचं टाचण लिहून व्हायचं असतं, एकजण बँकेत फोन लावत असते, एकजण डोळे मिटून बसते आणि तिला कुणी हाक मारत नाही.

शाळा दोन खोल्यांची. पहिली ते चौथी, शिक्षक दोन. शिक्षणहक्क कायद्याच्या प्रमाणाने साठ मुलांपर्यंत दोनच शिक्षक, त्यामुळे चार वर्ग दोघांत वाटून घ्यायचे हे ठरलेलं. पहिली-दुसरी बाईंकडे आणि मुख्याध्यापकपदाचा प्रभारही बाईंकडेच. मुलं महादेव कोळी आणि ठाकर समाजांची. घरची बोली वेगळी, पुस्तकातली मराठी वेगळी.

मी वर्गात बसले त्या दिवशी पहिलीतला एक मुलगा आईबापांबरोबर नारायणगावहून परतला होता. अकोल्याच्या डोंगरातली माणसं टोमॅटो-भाजीपाल्याच्या मजुरीला तिकडे जातात आणि पोरंही बरोबर जातात. बाईंनी कपाटातून त्याची वही काढली. त्यांनी ती जपून ठेवली होती. त्याने आधी गिरवलेली पानं त्याला दाखवली, ‘हे कुणी काढलंय?’ म्हणून विचारलं. तो लाजत म्हणाला, ‘मीच.’ मग त्याला अक्षरं न विचारता बाईंनी टोमॅटोच्या क्रेटबद्दल विचारलं. एका क्रेटमध्ये किती थर, एका थरात किती टोमॅटो, क्रेट कोण उचलतं. तो बोलत सुटला. त्याच्याच बोलण्यातले चार शब्द त्यांनी फळ्यावर लिहिले आणि त्यातले दोन त्याला ओळखता आले. एवढं व्हायला पाऊण तास गेला. दुसरीतली पोरं तोवर बिया मोजून दहाचे गठ्ठे करत होती आणि एकमेकांना तपासत होती. असा वर्ग चालवणं हे कौशल्य आहे. ते पाहायला तपासणीसाठी येणाऱ्या माणसाजवळ पाऊण तास नसतो, म्हणून मी इथे ते तपशिलाने लिहिते आहे.

साडेबाराच्या सुमारास पोषण आहार. पहिली ते पाचवीच्या मुलामागे शंभर ग्रॅम तांदूळ. त्या दिवशी मटकीची उसळ आणि भात होता. वाढण्याआधी शिक्षकाने चव घ्यायची, वहीत नोंद करायची, किती मुलं जेवली ते मोबाइलवर भरायचं. शिजवणाऱ्या मावशी तुटपुंज्या मानधनावर काम करतात. सकाळी स्वतःच्या घरची चूल आटोपून त्या इथल्या चुलीपाशी येतात. बाई आणि मावशी एकमेकींच्या मुलांची विचारपूस करतात. मावशीची मुलगी आश्रमशाळेत आहे, दिवाळीला घरी येणार.

मग वेण्या. कपाटात खडूच्या खोक्याशेजारी कंगवा आणि खोबरेलाची बाटली असते. आया पहाटे शेतावर गेल्या की पोरी तशाच येतात. बाई रांगेने तीन-चार डोकी विंचरतात. ‘इथं विंचरताना मनात येतं, घरी आईंनी आमच्या पोरीची वेणी घातली असेल का? त्यांचा हात हल्ली थरथरतो,’ असं त्या एकदाच म्हणाल्या आणि विषय बदलला.

मुख्यालयी राहण्याचा नियम मी विचारला, तेव्हा त्यांचा आवाज चढला. शिक्षकाने नोकरीच्या गावी राहावं, तरच घरभाडे भत्ता, आणि राहतो याला ग्रामसभेचा ठराव हवा, असा हा तिढा आहे. गावकऱ्यांची तक्रार खोटी नाही. पाचच्या ठोक्याला शाळा कुलूपबंद करून निघून जाणारा शिक्षक गावाला आपला वाटत नाही, आणि पूर्वीचे गुरुजी गावात राहायचे ही आठवण अजून ताजी आहे. पण पूर्वीच्या गुरुजींबरोबर त्यांचं घर सांभाळणारी बायको असायची. वाडीवर भाड्याने खोली नाही, चौथीच्या पुढे मुलीला शाळा नाही, रात्री मुलाला ताप भरला तर डॉक्टर नाही. नवरा दुसऱ्या तालुक्यात आणि आजारी सासू संगमनेरात असताना या बाईने कुठे राहायचं? नियम लिहिताना कुणीतरी एकटा पुरुष डोळ्यांपुढे ठेवला होता, असं माझं स्पष्ट मत झालं आहे. महिलांसाठी प्रतिकूल शाळांच्या याद्या जिल्हा परिषदा करतात, त्या रस्ता आणि अंतर पाहतात. लहान मुलाच्या आईसाठी प्रतिकूल काय, याची यादी कुणी केलेली नाही.

०००

शाळा पाचला सुटते. काम सुटत नाही. शिक्षणहक्क कायद्याचं कलम २७ म्हणतं की जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडल्यास शिक्षकाला अशैक्षणिक काम देऊ नये. हे तीन अपवादच केवढे! मतदारयाद्यांचं काम वर्षभर चालू असतं. मतदानाच्या आदल्या दिवशीच केंद्रावर पोहोचावं लागतं, रात्र तिथे काढावी लागते. २०२१ची लांबलेली जनगणना आता २०२७ची म्हणून येते आहे, तिच्या घरयाद्याही शिक्षकांच्याच हातून होणार. याखेरीज जे येतं ते ‘शैक्षणिक’ या नावाखाली येतं, म्हणून कलमात अडकत नाही. यू-डायस, सरल, आधार पडताळणी, अपार क्रमांक, हजेरीचा चॅटबॉट, शिष्यवृत्त्यांचे अर्ज, वृक्षारोपणाचे फोटो, स्वच्छता पंधरवड्याचे फोटो, निरक्षरांचं सर्वेक्षण.

यातला आधारचा भाग नीट समजून घ्यायला हवा, कारण तो नोकरीशी बांधलेला आहे. मुलाचं नाव, जन्मतारीख, लिंग हे शाळेच्या नोंदीशी तंतोतंत जुळलं नाही तर पोर्टल नोंद नाकारतं. नोंद नाकारलेलं मूल संचमान्यतेत, म्हणजे शिक्षकांची पदं ठरवण्याच्या हिशेबात, धरलं जात नाही अशी भीती सतत असते. पद गेलं की शिक्षक अतिरिक्त आणि बदली आणखी लांब. म्हणून एका मुलाच्या नावातली वेलांटी दुरुस्त करायला बाई त्याच्या आईला घेऊन राजूरच्या आधार केंद्रावर जातात. ज्या वाडीत लाइट दुपारी जाते आणि रेंज शाळेमागच्या टेकाडावर मिळते, तिथे हे काम शाळेच्या वेळात होत नाही. ते घरी येतं.

घरी ते कसं होतं, ते मी पाहिलं. रात्री साडेनऊला ओटा पुसून झाल्यावर बाई मोबाइल घेऊन बसतात आणि पाचवीतली लेक शेजारी रजिस्टर धरून बसते. ती बारा आकडे चार-चारच्या तुकड्यांत वाचते, आई भरते. लेकीला त्या वाडीतल्या सगळ्या मुलांची नावं पाठ आहेत. त्यांच्यातली बहुतेक मुलं तिने पाहिलेली नाहीत. ‘मम्मी, या दोघांची जन्मतारीख एकच आहे, जुळी आहेत का?’ तिने विचारलं. एक जून. शाळेत नाव घालताना जन्मतारीख ठाऊक नसली की तीच लिहायची जुनी पद्धत. आईने समजावून सांगितलं. त्या घरी आई आणि लेक एकत्र बसतात ती हीच वेळ.

‘शिक्षकांना काय, सुट्ट्याच सुट्ट्या’ हे बोलणाऱ्यांना मी एवढंच विचारीन की दीर्घ सुट्टी मिळते म्हणून शिक्षकांना इतर कर्मचाऱ्यांसारखी अर्जित रजा मिळत नाही, हे त्यांना ठाऊक आहे का? भर जुलैत मूल आजारी पडलं की मे महिन्याची सुट्टी कामाला येत नाही.

०००

संगमेश्वर तालुक्यातल्या बाई मूळच्या परभणी जिल्ह्यातल्या. २०१०च्या सुमाराला कोकणात शिक्षणसेवक म्हणून लागल्या तेव्हा महिना ३,००० रुपये मानधन होतं. पुढे ते ६,००० झालं आणि २०२३पासून प्राथमिकला १६,००० झालं. मराठवाडा-विदर्भातली हजारो मुलं-मुली अशीच रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, पालघरमध्ये आली, कारण जागा तिथे होत्या. लग्न गावाकडेच झालं. नवरा शेती करतो. नवरा-बायको दोघं सरकारी किंवा निमसरकारी नोकरीत असले तर एकत्रीकरणाची सवलत. नवरा शेतकरी असला तर नाही.

आंतरजिल्हा बदलीला परभणीत जागा हवी, तीही बिंदुनामावलीत, म्हणजे आरक्षणाच्या जागावाटपात, आपल्या प्रवर्गाची. ती मिळालीच तरी नव्या जिल्ह्यात सेवाज्येष्ठता शून्यावर येते, पंधरा वर्षं सेवा झालेली बाई कालच लागलेल्यांच्या यादीत शेवटी बसते. हे मान्य करून त्यांनी अर्ज केले आहेत. जिथून निघायचं तिथेही पदं रिकामी आहेत. कोकणातल्या मुलांना शिक्षक नको का, हा प्रश्न खराच आहे आणि बाईंना तो पुरता मान्य आहे. ‘आमची वाडी सोडून गेले तर इथं येणार कोण?’ हे त्यांनीच मला विचारलं.

मुलगी आठ वर्षांची. तीन वर्षांपर्यंत आईजवळ होती. शाळेच्या कोपऱ्यात झोळी बांधलेली असायची, आणि बाई खोलीबाहेर गेल्या की चौथीतल्या मुली झोका द्यायच्या. एका पावसाळ्यात मुलीला न्यूमोनिया झाला. ओढा भरून वाहत असताना तिला वाहनापर्यंत उचलून न्यावं लागलं, आणि त्यानंतर घरच्यांनी ठरवलं की तिने आजीजवळ राहायचं. तेव्हापासून आई दर संध्याकाळी रस्त्याच्या वळणावर, जिथे नेटवर्क येतं तिथे, व्हिडिओ कॉल लावते. मुलगी परभणीकडच्या शाळेत दुसरीत आहे. आई दिवसभर दुसरीच्या वर्गाला वाचायला शिकवते आणि संध्याकाळी तोच धडा फोनवर लेकीला शिकवते. गणपतीला जाता येत नाही, कोकणातली सुट्टी पुरत नाही. दिवाळीला जाता येतं. गेल्या दिवाळीत पहिले दोन दिवस मुलगी आजीच्याच कुशीत झोपली, तिसऱ्या रात्री आईकडे आली. हे सांगताना बाई रडल्या नाहीत. मला मात्र पुढचा प्रश्न विचारता आला नाही.

०००

हा सगळा पेच आला कुठून, हे पाहायला थोडं मागे जावं लागतं. १८४८मध्ये सावित्रीबाई फुले शिकवू लागल्या. १८७०मध्ये पुण्यात फीमेल ट्रेनिंग कॉलेज निघालं. पण शिक्षिका म्हणून बायका मोठ्या संख्येने तयार होऊ लागल्या त्यात विधवा आणि परित्यक्ता पुष्कळ होत्या. पंडिता रमाबाईंचं शारदा सदन १८८९चं, धोंडो केशव कर्व्यांचा अनाथ बालिकाश्रम १८९६चा. ज्या बाईचं घर समाजाने काढून घेतलं होतं, तिला शाळा मिळाली, आणि तिने ती जीव ओतून चालवली. नंतर संसार असलेली बाई त्याच खुर्चीत आली. १९९४च्या राज्य महिला धोरणाने नोकऱ्यांत तीस टक्के जागा राखल्या, आणि बायका मोठ्या संख्येने आल्या. खुर्ची मात्र तशीच राहिली. मूल असलेली बाई इथे बसणार आहे, हे धरून कुणी ती पुन्हा घडवली नाही.

कायद्याकडे पाहिलं की हे लख्ख दिसतं. प्रसूती लाभ कायद्यात २०१७ला दुरुस्ती झाली. पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेत पाळणाघर हवं, आईला दिवसातून चार वेळा मुलाकडे जाता यायला हवं. दोन शिक्षकांच्या शाळेत पन्नास कर्मचारी कधी होणार? प्रसूती रजा १८० दिवसांची आहे. राज्याने २०१८ला बालसंगोपन रजाही दिली, संपूर्ण सेवेत १८० दिवस. केंद्राच्या कर्मचारी महिलांना ती ७३० दिवस आहे. पण दोनशिक्षकी शाळेत एकजण रजेवर गेली की तिच्या जागी बदली शिक्षक आपोआप येत नाही. उरलेल्याने चारही वर्ग सांभाळायचे. मग सहकारी कुरकुरतो, पालक विचारतात, आणि बाई रजेचा अर्ज फाडून टाकते. संगमनेरच्या बाईंनी दुसऱ्या बाळंतपणात आदल्या आठवड्यापर्यंत घाट चढला, तो याच कारणाने.

याच्यावर उपाय महाराष्ट्रातच, एका आदिवासी टेकडीवर होऊन गेलेला आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५मध्ये बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं आणि १९५७मध्ये ते कोसबाडला नेलं. वारल्यांच्या मुली शाळेत येत नव्हत्या, कारण त्यांच्या कडेवर धाकटं भावंड असे. तेव्हा या दोघींनी मुलींना बोल लावला नाही. विकासवाडीत पाळणाघर, बालवाडी आणि शाळा एकाच आवारात आणली. भावंड पाळण्यात, ताई वर्गात. गुरं राखणाऱ्यांसाठी कुरणशाळा केली. ताराबाई स्वतः एका मुलीची आई होत्या, संसार मोडल्यावर भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर त्यांनी हे काम शिकून घेतलं होतं. शिकायला येणाऱ्या मुलीसाठी जे तेव्हा सुचलं, ते शिकवायला येणाऱ्या आईसाठी आपल्याला अजून सुचू नये, याची मला खंत वाटते. आज तर योजनाही हाताशी आहे. मिशन शक्तीतल्या ‘पाळणा’ योजनेत अंगणवाडीलाच जोडून पाळणाघर चालवता येतं, सहा महिने ते सहा वर्षांच्या मुलांसाठी. बहुतेक शाळांशेजारी अंगणवाडी असतेच. केंद्रशाळेच्या गावी असं एक पाळणाघर झालं तर शिक्षिका, अंगणवाडी ताई, आशाताई, शेतमजूर आया, सगळ्यांची मुलं तिथे राहतील.

०००

कराडजवळच्या बाई सत्तेचाळीस वर्षांच्या. त्यांच्या घरी जेवणाच्या टेबलावर दोन अभ्यास चालतात. एका बाजूला मुलगी दहावीची, दुसऱ्या बाजूला आई टीईटीची. १ सप्टेंबर २०२५ला सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की सेवेतल्या शिक्षकांनाही शिक्षक पात्रता परीक्षा, म्हणजे टीईटी, उत्तीर्ण व्हावी लागेल. निवृत्तीला पाच वर्षांहून कमी राहिलेल्यांना सूट, तीही बढती नको असेल तर. बाकीच्यांना दोन वर्षं. बाई १९९९ला लागल्या, निवृत्ती अठ्ठावन्नला. म्हणजे दीडशे गुणांचा पेपर, बालमानसशास्त्र, दोन भाषा, गणित, परिसर अभ्यास, प्रत्येकी तीस प्रश्न.

नव्याने येणाऱ्या शिक्षकाला परीक्षा असावी याबद्दल माझं दुमत नाही. चौथीची मुलं ज्याच्या हाती द्यायची, त्याला अपूर्णांक यायलाच हवेत. पण सव्वीस वर्षं वर्गात घालवलेल्या बाईची पात्रता बघायची तर तिच्या वर्गात जाऊन बघावी. तिला वस्तुनिष्ठ प्रश्नांचे गठ्ठे घोकायला लावून वर्गातलं काही सुधारणार नाही. उलट तिचा पहाटेचा दीड तास, जो टाचणाला आणि मुलीला मिळायचा, तो आता सराव प्रश्नपत्रिकांना जातो. मुलगी आईला गणित समजावते. ‘दहावीचं वर्ष हिचं आहे, आणि ही माझी शिकवणी घेते,’ बाई म्हणाल्या. नवऱ्याने स्वयंपाकातलं काय उचललं, असं विचारलं. तो सकाळचा चहा करतो आणि पोळ्यांना बाई लावावी असं त्याचं मत आहे. दुष्ट माणूस नाही. सव्वीस वर्षं बायको ‘घर सांभाळून’ करत आली, म्हणून त्याला पोळी लाटावी लागली नाही, एवढंच.

लातूरकडच्या बाईंबद्दल थोडक्यात लिहिते, कारण त्यांच्यासमोर वरच्या तिघी सुखी म्हणायच्या. माध्यमिक शाळा, विनाअनुदानित. २००१मध्ये शासनाने ‘कायम विनाअनुदानित’ शाळांना परवानग्या दिल्या, २००९मध्ये ‘कायम’ काढलं, २०१६पासून वीस-वीस टक्क्यांच्या टप्प्यांनी अनुदान सुरू झालं. या बाई वर्षानुवर्षं विनावेतन शिकवत होत्या. सकाळी ब्लाउज शिवायचे, दुपारी मराठी आणि इतिहास शिकवायचा. आझाद मैदानावरच्या आंदोलनाला त्या मुलाला घेऊन गेल्या, कारण त्याला ठेवायला कुणी नव्हतं. त्या मुलाने इतिहासाच्या तासाला आईला विचारलं की आझाद मैदान आपण पाहिलंय ना. वर्गातली मुलं त्याच्याकडे कौतुकाने पाहू लागली. आता त्यांना अंशतः पगार मिळतो. ज्या वर्षांचा मिळाला नाही, ती वर्षं कुणाच्याही हिशेबात नाहीत.

या लेखाच्या निमित्ताने एक बोचरा प्रश्न प्रत्येकीला विचारला: तुमची मुलं कुठे शिकतात? २०१५मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने सरकारी नोकरांनी आपली मुलं सरकारी प्राथमिक शाळेत घालावीत असा आदेश दिला होता, तेव्हापासून हा प्रश्न शिक्षकांना हमखास विचारला जातो. संगमनेरच्या बाईंनी मुलगी पहिली-दुसरीला आपल्याच शाळेत नेली होती. रोज नव्वद किलोमीटर. ती वर्गात आईला ‘मॅडम’ म्हणायची आणि परतीच्या एसटीत मांडीवर झोपायची. तिसरीत तिला तो प्रवास झेपेना, तेव्हा शहरातल्या शाळेत घातली. कराडच्या बाईंची मुलगी पहिल्यापासून इंग्रजी माध्यमात आहे. त्यांनी कारण दिलं नाही आणि समर्थनही केलं नाही. मला दोघींचंही पटलं.

०००

बदल्या, रजा, बदली शिक्षक हे मंत्रालयातून व्हायचं आहे, आणि ते व्हावं म्हणून बोलत राहावं लागेल. पण वाचकहो, यातलं बरंच काही आपल्या हातातही आहे. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या महिला असाव्यात असा कायदा आहे. आपलं मूल, भाचा, नातू ज्या शाळेत आहे तिथल्या समितीच्या पुढच्या बैठकीला जा. बाईंचं मूल कुठे असतं, ते विचारा. अंगणवाडीला पाळणाघर जोडण्याचा ठराव ग्रामसभेत मांडा. बाई बाळंतपणाच्या रजेवर गेल्या तर बदली शिक्षक मागणारा अर्ज गावाने करावा, बाईंना करायला लावू नये. बारावी झालेल्या आपल्या मुलीला शिक्षिका व्हायचं असेल तर जरूर होऊ द्या, फार मोलाचं काम आहे. फक्त घर सांभाळून करता येतं म्हणून हो, असं तिला सांगू नका. आणि ज्या घरात आज रात्री साडेनऊला कुणी बाई मोबाइलवर लिंक भरत बसली असेल, त्या घरातल्या पुरुषांनी उद्याच्या डब्याची भाजी आजच निवडून, चिरून ठेवावी.